एअरबॅगचा मार डोळ्याला बसला. लाली गेली, तपासणी राहिली

"डॉक्टर, मी वर्ध्याला शाळेत शिकवते. वय 43, उंची चार फूट अकरा इंच. तीन आठवड्यांपूर्वी नागपूरहून परत येताना पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला आणि आमची गाडी त्याच्यावर मागून आदळली. मी चालवत होते, पट्टा लावलेला होता. एअरबॅग उघडली. गाडीत पांढरा धूर आणि जळल्यासारखा वास पसरला. डावा डोळा चरचरायला लागला, मी तो खूप चोळला. घरी येऊन गुलाबपाणी घातलं. रात्री धूसर दिसायला लागलं तेव्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी डोळ्यात थोडं रक्त उतरलंय असं सांगितलं, कार्डावर 'हायफिमा' लिहिलं, थेंब दिले आणि आराम करायला सांगितलं. चार दिवसांत स्वच्छ दिसायला लागलं म्हणून परत गेले नाही. थेंब मात्र अजून घालते, त्यांनी बरं वाटतं. आता तीन प्रश्न आहेत. डोळा बरा झाला असं समजू का? आमचे भाऊजी म्हणतात, एअरबॅगनेच डोळा फोडला असता, तिचा फ्यूजच काढून टाकू. तसं करावं का? गॅरेजवालाही म्हणतो की नवी बॅग महाग पडेल, वरचं झाकण तेवढं बसवून देतो. आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा नेहमी पुढे बसतो, त्या दिवशी नेमका नव्हता. त्याला पुढे बसू द्यावं का?"

ताई, आधी थेंबांचं सांगते, कारण ते काम आजच करायचं आहे. ज्या थेंबांनी 'बरं वाटतं' ते बहुधा स्टिरॉइडचे असणार. मार लागलेल्या डोळ्याला सुरुवातीला ते लागतातच, आतली सूज त्यांनीच उतरते. पण आठवड्यामागून आठवडे आपल्या मनाने घालत राहिलं की काही जणांच्या डोळ्याचं प्रेशर वाढतं. ते दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे कळतही नाही. बाटली हातात घ्या, ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना फोन करा आणि नाव वाचून दाखवा. थेंब एकदम बंद करायचे की हळूहळू कमी करत आणायचे, ते त्यांना ठरवू द्या. मेडिकलच्या दुकानात विचारू नका.

आता पहिला प्रश्न. डोळा बरा झाला असं अजून समजू नका. तुम्हाला घाबरवायचं नाही, पण कार्डावरचा तो एक शब्द वाचला आणि तुम्ही पुन्हा दाखवलं नाही हेही वाचलं, तेव्हा जीव खालीवर झाला.

बुबुळाच्या पारदर्शक भागामागे आणि रंगीत आयरिसच्या पुढे पाण्याने भरलेला एक छोटा कप्पा असतो. एअरबॅगचा तडाखा बसला की डोळा क्षणभर पुढून मागे चेपला जातो आणि कडेने फुगतो. त्या ताणाने आयरिसच्या मुळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्या फाटतात आणि रक्त त्या कप्प्यात उतरतं. तोच हायफिमा. रक्त थोडं असेल तर चार-पाच दिवसांत निचरून जातं आणि दिसणंही स्वच्छ होतं, जसं तुमचं झालं. पहिल्या पाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव व्हायचा मोठा धोका असतो. म्हणूनच आराम, उशाला दोन उशा आणि ॲस्पिरिन-आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळणं, एवढं सगळं सांगितलेलं असतं. ते दिवस तुमचे नीट गेले.

मला काळजी आहे ती रक्ताची नाही, ते जिथून आलं त्या जागेची. बुबुळ आणि आयरिस जिथे मिळतात त्या कोपऱ्यात एक बारीक जाळी असते. डोळ्यात सतत तयार होणारं पाणी त्या जाळीतून बाहेर जातं, न्हाणीघरातलं पाणी मोरीतून जावं तसं. हायफिमा झालेल्या बहुतेक डोळ्यांत त्या कोपऱ्यालाही कमी-जास्त चीर गेलेली असते. तिथे व्रण धरतो, मोरी हळूहळू तुंबते आणि डोळ्याचं प्रेशर चढायला लागतं. कधी काही महिन्यांनी, कधी दहा-पंधरा वर्षांनी. याला मारानंतरचा काचबिंदू म्हणतात. चीर गेलेल्या प्रत्येकाला तो होत नाही, थोड्यांनाच होतो. चीर अर्ध्या वर्तुळापेक्षा जास्त असेल तर धोका वाढतो. तुमची चीर किती आहे, किंवा मुळात आहे का, हे अजून कुणी पाहिलेलंच नाही.

मागे माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. वय 46. तक्रार इतकीच की स्कूटर चालवताना उजवीकडून येणारा माणूस एकदम अंगावर आल्यासारखा दिसतो. उजव्या डोळ्याचं प्रेशर 38 निघालं, डावीकडचं 15. साधारण 10 ते 21 ठीक समजतात. एकाच डोळ्यात एवढा फरक दिसला की आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो, 'या डोळ्याला कधी मार लागला होता का?' ते नाही म्हणाले. बायको शेजारी बसली होती, ती म्हणाली, "अहो, खंडाळ्याच्या घाटात ती गाडीतली पिशवी फुटली होती ना तोंडावर?" त्याला बारा वर्षं झाली होती. तेव्हा डोळा आठवडाभर लाल होता, नंतर सगळे विसरले. त्यांच्या नजरेची कडेची जी बाजू गेली ती गेली, काचबिंदूत गेलेलं परत आणता येत नाही. वर्षाला एकदा प्रेशर मोजलं असतं तर साध्या थेंबांवर निभावलं असतं, एवढं वाटून मन अजून हळहळतं.

तेव्हा तुमची तपासणी अशी व्हायला हवी. दोन्ही डोळ्यांचं प्रेशर मोजायचं, दोन्ही म्हटलंय कारण तुलना लागते. गोनिओस्कोपी करायची, म्हणजे आरसे बसवलेली एक छोटी लेन्स डोळ्यावर टेकवून तो कोपरा पाहायचा. भूल देणारा थेंब घालतात, दुखत नाही. ताज्या जखमेवर लेन्स दाबायची नसते म्हणून ही तपासणी साधारण महिन्याने करतात, आणि तुमचा महिना भरतच आला आहे. ती आटोपली की बाहुली मोठी करून मागचा पडदा अगदी कडेपर्यंत बघायचा. तडाख्याने पडद्याच्या कडेला फट पडलेली असू शकते आणि ती तिथे महिनोन्महिने गप्प राहते. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके किंवा जाळं तरंगायला लागलं, अंधारात वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी निघा. सेवाग्रामचं मोठं रुग्णालय तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे, तिथे नेत्रविभाग आहे. डोळ्याची लेन्स जागेवरून हललेली नाही ना आणि मार लागल्याचा मोतीबिंदू धरत नाही ना, हेही त्याच फेरीत कळेल. पुढे मात्र वर्षातून एकदा प्रेशर मोजायचं, जन्मभर.

तुम्ही विदर्भातल्या आहात म्हणून आणखी एक विचारते. घरात, माहेरी, कुणाला सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकायचा आनुवंशिक आजार, आहे का? आपल्या भागात तो बराच आढळतो. तुमची तपासणी झालेली आहे का? सिकलसेलचा वाहक असलेल्या माणसालाही एरवी काही त्रास नसतो, पण डोळ्यात रक्त उतरलं की त्या विळ्यासारख्या ताठ पेशी जाळीत अडकून बसतात. मग थोड्याशा रक्तानेही प्रेशर भराभर वाढतं, आणि डोळ्याच्या नसेला ते इतरांपेक्षा लवकर इजा करतं. प्रेशर उतरवायची एक नेहमीची गोळीही अशा माणसाला जपून द्यावी लागते. विदर्भात आणि नंदुरबारकडे हायफिमाच्या प्रत्येक रुग्णाला हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला विचारला नसेल तर आपणहून सांगा.

आता त्या पांढऱ्या धुराविषयी. तुमच्याकडून एक चूक झाली, तीच जवळजवळ सगळ्यांकडून होते, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

बॅग घडी घालून ठेवतात तेव्हा घड्या चिकटू नयेत म्हणून तिला टाल्क किंवा मक्याच्या पिठाची भुकटी लावलेली असते. तो धुरळा बराचसा तिचाच. पण त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते. बॅग हवेने फुगत नाही, एक रसायन पेटून निघालेल्या वायूने फुगते. जुन्या गाड्यांत हे रसायन सोडियम अझाइड असायचं. त्याच्या जळण्यातून नायट्रोजन निघतो आणि मागे जी बारीक राख उरते तिचा काही अंश अल्कली असतो. नव्या गाड्यांत दुसरी रसायनं असली तरी राखेचा हा गुण पुरता गेलेला नाही. अल्कली डोळ्याला किती वाईट हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. खर्ऱ्याच्या चुन्याची पुडी पोराच्या हातात फुटली आणि चुना डोळ्यात गेला, अशी मुलं प्रत्येक नेत्रतज्ज्ञाने पाहिलेली असतात. आम्ल वरची कातडी गोठवून तिथेच अडतं. अल्कली मात्र चरबीचा साबण करत आत उतरत जातं.

माझ्या उमेदवारीच्या काळात रात्रपाळीला असा एक डोळा आला होता. आमच्या सरांनी तो धुऊन घेतला, खालच्या पापणीच्या खोबणीत लिटमसची पट्टी टेकवली. ती निळी झाली. पुन्हा सलाइनची बाटली लावली, पुन्हा पट्टी, पुन्हा निळसर. तिसऱ्या बाटलीनंतर ती बदलायची थांबली. "आता दहा मिनिटं थांब आणि परत बघ," सर म्हणाले, "खोबणीत कण दडलेला असतो." वरची पापणी उलटली तर खरंच राखाडी कण चिकटलेला होता.

म्हणून एअरबॅग उघडल्यानंतर डोळा चुरचुरत असेल तर गाडीतून बाहेर मोकळ्या हवेत या, हात धुवा आणि मिळेल त्या स्वच्छ पाण्याने, पिण्याच्या बाटलीने, डोळा धूत राहा. पंधरा-वीस मिनिटं तरी. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुताना काढून टाका. चोळायचं मात्र नाही, कारण कण बुबुळावर घासला जातो आणि आत चीर असेल तर ती वाढते. गुलाबपाणी, मध, दूध यातलं काही घालू नका. डोळाच फाटल्यासारखा दिसत असेल, बाहुली पाण्याच्या थेंबासारखी एका बाजूला ओढली गेली असेल, आतून काही बाहेर आल्यासारखं वाटत असेल, तर त्यावर बोट, बोळा, पट्टी काही दाबू नका. कागदी कप कापून त्याचा बुडाकडचा भाग, त्याची कड डोळ्याच्या भोवतालच्या हाडांवर टेकेल असा, चिकटवा, काही खायला-प्यायला देऊ नका आणि गाठा मोठं रुग्णालय.

आता भाऊजींचा फ्यूज. ताई, काढू देऊ नका.

भाऊजींना तुमची काळजी आहे म्हणूनच ते बोलले. पण त्या बॅगेने तुमचा डोळा दुखावला हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की ती नसती तर तुमचं तोंड स्टीअरिंगवर आपटू शकलं असतं. पट्टे आणि बॅगा नव्हत्या तेव्हा गाडीच्या काचेवर आपटून फाटलेले डोळे हा आमच्या शाखेतला नेहमीचा विषय होता. ब्रिटनमध्ये 1983 साली पुढच्या सीटवर पट्टा सक्तीचा झाला आणि असे फाटलेले डोळे एकदम कमी झाले. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याच्या हिशोबाने 1987 ते 2017 या काळात पुढच्या एअरबॅगांनी त्या देशात 50,457 जीव वाचवले. आपल्याकडे चालकाची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून आणि शेजारच्या सीटची त्यानंतर दोन-अडीच वर्षांत सगळ्या नव्या मोटारींना सक्तीची झाली ती उगीच नाही.

मग डोळ्याला मार का बसतो? बॅग पुरती फुगायला सेकंदाचा विसावा-तिसावा भाग पुरतो. पापणी मिटायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणजे डोळा उघडा असतानाच ती येऊन थडकते. तिचं झाकण फाडून ती बाहेर पडते तेव्हा पहिल्या काही इंचांत तिचा वेग ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटरच्या घरात असतो. फुगून झाली की मागच्या भोकांतून वायू लगेच निघायला लागतो आणि ती मऊ होते. माणसाने तिच्यावर आदळायचं ते ती फुगून झाल्यावर. फुगत असतानाच जो तिच्या वाटेत असतो त्याला ती ठोसा मारते. पट्टा न लावणारा ब्रेक लागताच पुढे फेकला जातो आणि त्या वाटेत सापडतो. तुम्ही पट्टा लावला होता, पण उंची कमी म्हणून सीट पुढे ओढलेली असणार. हा तुमचा दोष नाही. गाडीची सीट बनवणाऱ्यांच्या मनात उंच पुरुष असतो आणि आपल्या बायकांना पेडलपर्यंत पाय पोचवायला स्टीअरिंगला चिकटून बसावं लागतं.

शाळेतली 30 सेंटीमीटरची फूटपट्टी घ्या. नेहमीसारखं बसा आणि छातीच्या मधल्या हाडापासून हॉर्नच्या मध्यापर्यंत मोजायला सांगा. 25 सेंटीमीटर तरी अंतर हवं. कमी भरलं तर सीट एकेक खाच मागे घ्या, पाठ किंचित कलती करा, सीट वर उचलायची सोय असेल तर वर घ्या. स्टीअरिंग खाली झुकवता येत असेल तर असं झुकवा की त्याचा मध्य तोंडाकडे नाही, छातीकडे बघेल. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. स्टीअरिंगच्या वरून किंवा हॉर्नवरून हात आडवा टाकून चालवायची सवय असेल तर मोडा, कारण बॅग तो हात घड्याळासकट, बांगड्यांसकट तोंडावर फेकते. काचेच्या बांगड्यांचा चुरा पापणीतून काढलेला आहे म्हणून सांगते. चष्मा असेल तर पॉलीकार्बोनेटच्या काचा करून घ्या. डोळ्याचं कुठलंही ऑपरेशन झालेलं असेल, विशेषतः बुबुळ बदललेलं असेल किंवा नंबर घालवायचं जुनं ऑपरेशन असेल, तर अंतराची काळजी दुप्पट, कारण तो डोळा मूळच्या इतका मजबूत नसतो.

शेजारच्या बाजूला डॅशबोर्डवर 'एसआरएस एअरबॅग' अशी अक्षरं कोरलेलं झाकण असतं. आपल्याकडे नेमका तिथेच गणपती चिकटवलेला असतो. झाकण उघडतं तेव्हा वरची वस्तू, मग ती मूर्ती असो की अत्तराची बाटली, समोरच्याच्या तोंडावर गोळीसारखी येते. बाप्पाला तिथून उचलून अक्षरांपासून दूर, मधल्या भागात जागा द्या. गाडीला पुढे लोखंडी गार्ड लावलेला असेल तर तोही काढा. त्याने धडकेचा अंदाज चुकतो आणि बॅग वेळेवर उघडेलच असं राहत नाही. डिसेंबर 2017 पासून केंद्र सरकारने त्याला बंदीच घातली आहे.

गॅरेजवाल्याच्या 'झाकण बसवून देतो'ला साफ नाही म्हणा. बाहेरून नवं दिसणारं आणि आत पोकळ, याहून वाईट फसवणूक नाही, कारण पुढे गाडी विकली की घेणाऱ्याला कळणारही नाही. भंगारातून काढलेली बॅगही नको. बॅगेबरोबर तिचं कंट्रोल युनिट आणि धडकेत ओढला गेलेला पट्टाही तपासून, लागेल ते बदलून घ्यावं लागतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करा. विमा सर्वसमावेशक असेल तर एअरबॅगवर नेहमीच्या पॉलिसीत 50 टक्के घसारा कापतात, शून्य घसाऱ्याची पॉलिसी असेल तर तोही नाही. आधी पॉलिसी काढून बघा. काम झाल्यावर किल्ली फिरवली की एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो लागलाच नाही तर कुणीतरी तार तोडलेली असू शकते.

गाडी सेकंड हँड असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून एअरबॅगसाठी ती परत बोलावलेली आहे का तेही बघा. ताकाता नावाच्या जपानी कंपनीच्या बॅगांमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. वर्षानुवर्षं उष्ण, दमट हवेत ते बिघडायचं आणि बॅग उघडताना धातूचं भांडंच फुटून तुकडे माणसाच्या तोंडात, गळ्यात, डोळ्यात घुसायचे. जगभरातून कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि 2017 साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही अशा गाड्या होत्या. बदली भाग गाडीची कंपनी फुकट देते, पण मालकाने गाडी न्यायला तर हवी.

राहिला मुलगा. तो मागे बसेल, पट्टा लावून, कितीही रुसला तरी. बारा वर्षांपर्यंत पुढची सीट नाही. मोठ्या माणसाच्या छातीवर येणारी बॅग मुलाच्या चेहऱ्यावर आणि मानेवर येते. डिसेंबर 2024 मध्ये वाशीला पुढे बसलेलं सहा वर्षांचं लेकरू एअरबॅगच्या धक्क्याने गेलं. त्याबद्दल वाचल्यापासून कुणी मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसलेलं दिसलं की सिग्नलला काच खाली करून सांगते. कायद्यानेही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर 1000 रुपये दंड आहे.

तपासणीला जाल त्या दिवशी शाळेतून सुटी घ्या. बाहुली मोठी केली की चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो, तेव्हा गॉगल न्या आणि गाडी भाऊजींना चालवायला सांगा. पहिलं कार्ड सोबत असू द्या. आणि दोन्ही डोळ्यांच्या प्रेशरचे आकडे, कोपऱ्यात चीर आहे की नाही ते, आणि थेंबांचं काय ठरलं, एवढं मला नक्की लिहून कळवा. मी वाट बघते.